सह्याद्रीत फिरायला हलका आणि खिशाला परवडेल असा पाण्याचा फिल्टर कुठला घ्यावा?

सॅकवाला
राम राम मंडळी. जानेवारीत रतनगड-कात्राबाई-हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा रेंज ट्रेक ठरतोय, पाच जण आहोत. त्यातले आम्ही दोघं मे महिन्यात हिमाचलातपण जाणार आहोत, म्हणजे निदान विचार तरी आहे. आत्तापर्यंत एकदिवसीय ट्रेकच जास्त झाले, घरून तीन लिटर भरून न्यायचं आणि संध्याकाळी पायथ्याला चहा, त्यामुळे पाण्याचा विषय कधी डोक्यात आलाच नाही. पण तीन दिवसांचं पाणी पाठीवर कोण वाहणार? आणि आम्ही राहतो धायरीत, २०२५ च्या सुरवातीला सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचं (गुलियन-बारे, नसांचा आजार) जे काय झालं त्यानंतर आईने "बाहेरचं पाणी" या विषयावर कायमची बंदी घातलीय, फिल्टर दाखवल्याशिवाय सॅक घराबाहेर पडणार नाही असं स्पष्ट सांगितलंय.

बजेट जास्तीत जास्त अडीच हजार. वजन शंभर-दीडशे ग्रॅमच्या आत, बॅटरी वगैरे नको. ऑनलाइन बघितलं तर स्ट्रॉ आहेत, पिशवी दाबून पाणी काढायचे आहेत, पंपवाले आहेत, ते यूव्हीचं पेन आहे, कोणी ०.१ मायक्रॉन म्हणतंय कोणी ०.०१, डोकं गरगरायला लागलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_मावळा
आम्ही ऐंशीच्या दशकापासून हिंडतोय. गडावरच्या कातळात कोरलेल्या टाक्याचं पाणी ओंजळीने प्यायचो, फार तर बाटलीच्या तोंडाला रुमाल लावायचा. पाण्यात बेडूक दिसला की पाणी चांगलं असं आमचे लीडर सांगायचे. काही झालं नाही. हे फिल्टर-बिल्टर म्हणजे दुकानदारांची सोय आहे. हलके घ्या.

टवाळ
हलके घ्या म्हणे, तो हलकाच शोधतोय :)

घाटवाट
जुना_मावळा, तेव्हा हरिश्चंद्रगडावर शनिवारी रात्री किती तंबू असायचे ते पण सांगा की. आता तिथे जत्रा असते. आणि एवढी माणसं सकाळी उठून कुठे जातात ते मी सांगायची गरज नाही, पहिल्या पावसात ते सगळं उतारावरून कुठे येतं तेही नाही. टाकी तीच आहेत, वर माणूस वाढलाय. केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात तर लोक कंबरेपर्यंत उतरून प्रदक्षिणा घालतात, ते पाणी प्यायचं नसतंच, पण नवखी पोरं तिथेही बाटली बुडवताना बघितलीयत.

सॅकवाला, तुझ्या प्रश्नाकडे येतो. पहिलं म्हणजे स्ट्रॉ घेऊ नकोस. स्ट्रॉ वाईट म्हणून नाही, आपल्याकडच्या पाण्याची तऱ्हा वेगळी म्हणून. स्ट्रॉ हा जिथे दर अर्ध्या तासाला ओढा आडवा येतो अशा मुलखासाठी आहे, वाकायचं, ओढायचं, चालायला लागायचं. सह्याद्रीत दिवाळी सरली की ओढे आटायला लागतात आणि पाणी उरतं ते टाक्यात नाहीतर गावात. एका टाक्यापासून पुढच्या पाण्यापर्यंत पाच-सहा तास जातात, म्हणजे तुला पाणी नुसतं पिऊन चालत नाही, भरून घेऊन निघायला लागतं. स्ट्रॉने बाटली कशी भरणार? आणि टाक्यातलं पाणी हाताला लागत नसेल तर पोटावर झोपून नळी लावणार का?

त्यापेक्षा पिशवीत किंवा बाटलीत खराब पाणी भरायचं, वर फिल्टर फिरवून बसवायचा आणि दाबून चांगल्या बाटलीत काढायचं, हा प्रकार बघ. सॉयर कंपनीचे मिनी आणि स्क्वीझ हे दोन जास्त दिसतात. मिनी साधारण ५७ ग्रॅम, स्क्वीझ ८५ च्या आसपास. दोन्हींची भोकं ०.१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आत पोकळ धाग्यांचा जुडगा असतो, पाणी धाग्याच्या भिंतीतून आत झिरपतं आणि घाण बाहेर राहते. मिनी स्वस्त आणि हलका, पण धार बारीक. एकट्याला ठीक. तुम्ही पाच जण, स्वयंपाक धरून दिवसाला वीस लिटर सहज लागणार, मिनीवर वीस लिटर दाबत बसलास तर सूर्योदय पण तिथेच आणि सूर्यास्त पण तिथेच. स्क्वीझ घे.

सॅकवाला
वा, स्ट्रॉचा हा मुद्दा कुठल्याच व्हिडिओत ऐकला नव्हता. मग कॅटाडिनचा बीफ्री कसा? तो पण ०.१ आहे आणि सगळे म्हणतात धार जोरात येते.

घाटवाट
धार जोरात येते हे खरंय. पण त्याचं तोंड मोठं, ४२ मिलिमीटरचं, त्याचीच पिशवी लागते. पिशवी फाटली की खेळ खल्लास. सॉयरचे आटे २८ मिलिमीटरचे, आपल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीवर सरळ बसतात. कात्राबाईच्या खिंडीत पिशवी फुटली तरी पुढच्या गावातल्या टपरीवर सोड्याची नाहीतर थम्सअपची बाटली मिळते, झाला तुमचा फिल्टर पुन्हा चालू. मात्र साध्या पाण्याच्या बाटल्या घेऊन जाऊ नका, हल्ली त्यांची तोंडं आखूड आणि निराळ्या मापाची असतात, बऱ्याच बसत नाहीत. बसल्यासारखी वाटते आणि दाबलं की बाजूने गळते, तेच गळलेलं खराब पाणी ओघळून चांगल्या बाटलीत. निघायच्या आधी घरीच बसवून बघायचं.

सूक्ष्मदर्शिका
मी प्रयोगशाळेत काम करते, पाण्याचे नमुने तपासणं हे रोजचंच, म्हणून थोडं लिहिते. लांबेल.

आधी जुना_मावळा काकांच्या रुमालाबद्दल. त्याची टिंगल करू नका. बांगलादेशात गावांमध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, २००३ साली छापून आला. बायकांना सांगितलं की जुन्या सुती साडीचे निदान चार पदर करून त्यातून पाणी गाळा, आणि कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला. कारण कॉलऱ्याचे जंतू एकेकटे कापडातून जातात खरे, पण ते पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून बसलेले असतात आणि ते किडे जुन्या, विरलेल्या, धागे फुललेल्या कापडात अडकतात. नवं कापड तेवढं चालत नाही. पण ४८ म्हणजे ४८, उरलेल्या बावन्नात आपण असू शकतो. फिल्टरच्या आधी गाळायला मात्र हेच फडकं उत्तम, फिल्टरचं आयुष्य वाढतं. बेडकाचं म्हणाल तर बेडूक दिसला म्हणजे बहुतेक पाण्यात औषध-रसायन नाही एवढंच, जंतू नाहीत असं बेडूक सांगत नाही.

आता मायक्रॉन. जियार्डिया नावाच्या पोट बिघडवणाऱ्या परजीवीची पुटी साधारण ८ ते १२ मायक्रॉनची, क्रिप्टो हा तसाच दुसरा, त्याची ४ ते ६. जुलाबाचे नेहमीचे जंतू, म्हणजे ई कोलाय वगैरे, रुंदीला अर्धा मायक्रॉन. हे सगळं ०.१ च्या जाळीत अडकतं. अडकत नाही तो विषाणू. हिपॅटायटिस ए चा विषाणू ०.०३ मायक्रॉनच्याही आतला, नोरोव्हायरस आणि हिपॅटायटिस ई त्याच्याच आसपास. हे ०.१ मधून आरामात पार. सॅकवाल्याने जीबीएसचा विषय काढलाय, तर त्या वेळी पुण्यात रुग्णांच्या नमुन्यांत दोन गोष्टी सापडल्या होत्या, कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू आणि नोरोव्हायरस. पहिल्याला तुमचा फिल्टर अडवेल, दुसऱ्याला नाही. तेव्हा आईंना नुसता फिल्टर दाखवून परवानगी घेतलीत तर ती अर्धी फसवणूक आहे :)

उपाय महाग नाही. फिल्टर केलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकायची आणि अर्धा तास थांबायचं. क्लोरीन विषाणू मारतं पण क्रिप्टोपुढे हात टेकतं, फिल्टर क्रिप्टो अडवतो पण विषाणू सोडतो. दोघं मिळून काम पुरं होतं. यूव्ही पेन विषाणू मारतं, पण पाणी नितळ हवं आणि शिवाय चार्जिंग, तुम्हाला ते नकोच आहे.

पोर्टलँडकर
मी इकडे ओरेगॉनमध्ये असतो, वीकेंडला कॅस्केड्समध्ये भटकंती असते. इकडे तर नुसता स्क्वीझ घेऊन लोक पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल अख्खी करतात, चार हजार किलोमीटरच्या वर, मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत. गोळी कोणी टाकताना दिसत नाही. ताईंचं म्हणणं शास्त्र म्हणून बरोबर असेल पण जरा जास्तच काळजी होतेय का? मी इकडून आणू शकतो, मिनी २५ डॉलरच्या आसपास, स्क्वीझ ४० च्या आसपास. पुढच्या महिन्यात येतोय.

सूक्ष्मदर्शिका
पोर्टलँडकर, तुमच्याकडे ओढ्याच्या वर काय असतं? बर्फ आणि जंगल. आमच्याकडे ओढ्याच्या वर वाडी असते, वाडीच्या वर गुरं चारायची जागा आणि त्याच्या वर आपल्यासारखेच ट्रेकर. माणसाची कावीळ माणसाच्याच मैल्यातून पसरते, वर माणूस नसेल तर हा धोका फारच कमी. त्यामुळे तिकडचा सल्ला तिकडे बरोबर आहे, तो उचलून इकडे आणला की गडबड.

आणि गढूळ पाण्यात नुसती गोळी टाकून बसणाऱ्यांसाठी पण एक. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं, काविळीचे जवळजवळ २९ हजार रुग्ण झाले. तेव्हा पाण्यात जास्तीचं क्लोरीन घातलेलं होतं. जंतू मेले, टायफॉइड वाढला नाही, पण कावीळ पसरलीच, ती हिपॅटायटिस ई होती हे पुष्कळ वर्षांनी कळलं. गाळ आणि घाण असली की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. म्हणून क्रम पक्का ठेवायचा. आधी फडकं, मग फिल्टर, गोळी शेवटी.

टवाळ
वाखुसा. (वाचन खूण साठवली, पाणी मात्र घरचंच पिणार.)

घाटवाट
ताई, गोळीचं अनुमोदन. मी पण टाकतो. गोळी घेताना पाकिटावरचा आकडा वाचा एवढं मात्र सगळ्यांना सांगणं आहे. मेडिकलमध्ये मिळतात त्यातल्या काही २० लिटरच्या असतात, ती सॅकच्या एक लिटरच्या बाटलीत टाकली तर पोहण्याच्या तलावात तोंड बुडवल्यासारखं लागेल. लिटरला एक अशी छोटी गोळी वेगळी मिळते, ती शोधा. नाहीतर मेडिक्लोरचे थेंब, आपल्याकडे आरोग्य केंद्रात, आशाताईंकडे पण असतात, लेबलवर मात्रा लिहिलेली असते. गावाकडच्या लोकांना हे नवीन नाही, ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतेच की.

अजून एक, पोरं हमखास करतात ते. वास येतो म्हणून गोळीबरोबरच लिंबू-साखर नाहीतर ती ऑरेंज पावडर ढकलतात. करू नका. लिंबातलं सी व्हिटॅमिन क्लोरीन मारून टाकतं. अर्धा तास झाला की मग टाका, वास पण जातो आणि सरबत पण होतं.

जुगाड_इंजिनियर
भावांनो कोल्हापुरातनं बोलतोय, अडीच हजार कशाला घालवताय. घरच्या आरओ मशीनला जो यूएफचा, म्हणजे लई बारीक गाळणीचा, पांढरा नळा असतोय ना, तो दुरुस्तीवाल्याकडं तीनशेच्या आसपास मिळतोय. दोन्हीकडं पाव इंची पाइप लावायची, वर पाच लिटरचा कॅन झाडाला टांगायचा, खाली बाटली. आपोआप भरतंय, दाबायची भानगडच नाही. जितका उंच टांगशील तितकी धार. नवा नळा असला की पहिलं लिटर-दोन लिटर फेकून द्यायचं, आत टिकायसाठी ग्लिसरीन घातलेलं असतंय. आमच्या ग्रुपनं राधानगरीच्या जंगलात हेच वापरलंय, लई भारी चालतंय.

सॅकवाला
हे भारीच आहे! वजन किती भरतं?

जुगाड_इंजिनियर
कोरडा हलका असतोय पण एकदा ओला झाला की पाइपसकट पाव किलोच्या घरात. आणि एकदा ओला केला की सुकू द्यायचा न्हाय, झाकणं लावून ओलाच ठेवायचा. आणि बघून घ्या, तसाच दिसणारा कार्बनचा नळा पण असतोय, दुकानदार घाईत तोच हातात देतंय. यूएफ लिहिलंय का वाचून घ्यायचं.

सूक्ष्मदर्शिका
आयडिया चांगली आहे, यूएफची भोकं ०.०१ च्या आसपास सांगतात, म्हणजे कागदावर सॉयरपेक्षा बारीक. माझी शंका जोडांची. पुशफिट जोड सॅकमध्ये दबून सैल होतात आणि एक थेंब कच्चं पाणी चांगल्या बाजूला गेलं की सगळं मुसळ केरात. बाण कुठल्या दिशेला आहे ते बघून पाइपला एकीकडे लाल चिकटपट्टी लावा, नाहीतर अंधारात उलटा जोडला जाईल. आणि गोळी याच्यातही सोडू नका, घरगुती नळ्याला "विषाणू अडवतो" असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी.

पाकिटावरून आठवलं, ऑनलाइन चारशे-पाचशेला जे बिननावाचे स्ट्रॉ मिळतात त्यांच्यावर पण ९९.९९९ टक्के छापलेलं असतं. छापायला पैसे पडत नाहीत. काही लोक खायचा रंग पाण्यात टाकून तपासतात आणि रंगीत पाणी आलं म्हणून फिल्टर बोगस ठरवतात. तेही चूक, विरघळलेला रंग चांगल्या फिल्टरमधूनही जातो, मीठ जातं तसाच. त्यातल्या त्यात बरी तपासणी अशी की फिल्टर पूर्ण भिजवा आणि मग चांगल्या बाजूचं तोंड पुसून तिकडून फुंका. भिजलेल्या धाग्यांतून फुंकरीची हवा जात नाही. सरळ आरपार गेली तर आत धागा तुटलाय. तोंड नंतर पुन्हा धुवा.

डोंबिवली_फास्ट_लेन
मी एक सोपा उपाय सांगतो, टीडीएस मीटर घ्या. दीडशे रुपयाला पेन मिळतं. मागच्या महिन्यात गोरखगडाच्या टाक्यातलं पाणी मोजलं, ५० च्या आत आलं. आमच्या सोसायटीतल्या आरओपेक्षा शुद्ध! तसंच प्यायलो.

सूक्ष्मदर्शिका
अहो दादा, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. टाक्यात पावसाचं पाणी साठतं आणि कातळ काळा बसाल्ट, त्यात क्षार येणार कुठून. त्यात अख्खी म्हैस बसली तरी पेन ५० चं फार तर ७० दाखवेल. जंतू त्या पेनला दिसत नाहीत. आणि फिल्टर लावल्यावर टीडीएस तेवढाच राहतो, तेव्हा "फिल्टर चालत नाही" म्हणून परत पण पाठवू नका.

टवाळ
म्हशीचा टीडीएस. आजचा दिवस सार्थकी लागला.

घाटवाट
गोरखगडाची गुहेजवळची टाकी चांगली आहेत हे मान्य, पण तरी.

फिल्टर काय काढत नाही ते पण एकदा सांगून टाकतो. कीटकनाशक, खत, कारखान्याचं पाणी, खारटपणा, हे काही निघत नाही. द्राक्षाच्या बागेखालचा ओढा, साखर कारखान्याच्या खालची नदी, तिथे बाटली बुडवायचीच नाही. पावसाळ्यात भातखाचरातलं पाणी पण नको, कोकणाच्या बाजूला लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा ताप) भीती असते. ताई, लेप्टो अडतो का?

सूक्ष्मदर्शिका
लेप्टोचा जंतू स्प्रिंगसारखा, लांबीला चांगला असला तरी जाडी जेमतेम ०.१ मायक्रॉन. ०.२ च्या जाळीतून तो सटकतो हे माहीत आहे, त्यामुळे त्याच्यासाठी फिल्टरवर भरवसा नको. क्लोरीनने मरतो. पण लेप्टो पिण्यापेक्षा पायाच्या जखमेतून जास्त शिरतो, अनवाणी चिखलात फिरणाऱ्याने फिल्टरचा विचार करण्याआधी बूट घालावेत.

नर्मदे_हर_कन्या
जरा वेगळा प्रश्न आहे, धाग्यात चालेल ना? माझे बाबा निवृत्त झालेत, कार्तिकी एकादशीनंतर पायी नर्मदा परिक्रमा उचलणार आहेत. वय त्रेसष्ट. मी स्क्वीझ घेऊन द्यायचं म्हटलं तर म्हणतात मैयाचं पाणी गाळून प्यायचं तर परिक्रमा कशाला. आईला काळजी, मला काळजी. शूलपाणीच्या झाडीत तर दवाखाना पण जवळ नाही. कसं समजवावं?

जुना_मावळा
ताई, मी परिक्रमा केलीय म्हणून लिहितो. फिल्टर या शब्दाने सुरवातच करू नका. बाबांना सांगा, मैयाचं तीर्थ म्हणून आचमन घ्या, त्याला कोणी अडवत नाही, आणि तहानेचं पाणी आश्रमातलं नाहीतर गावच्या हातपंपाचं. बरेच परिक्रमावासी तसंच करतात, मोठ्या घाटांच्या आसपास किनाऱ्याचं पाणी प्यावंसं कोणालाच वाटत नाही. कमंडलू हातपंपावर भरायचा. झाडीतल्या टप्प्यापुरत्या गोळ्या द्या, फिल्टर नको, त्यांच्या झोळीत प्रत्येक वस्तू दुसऱ्या आठवड्यात जड होते आणि कुठल्यातरी आश्रमात दान होऊन जाते. गोळ्यांची पट्टी राहील. "औषध" म्हणून द्या, बीपीच्या गोळ्यांबरोबर.

आणि हो, वर मी जे लिहिलं ते ऐंशीच्या दशकातलं होतं. परिक्रमेत मी स्वतः हातपंप सोडून पाणी प्यायलो नाही. घाटवाट, हसू नका.

घाटवाट
हसत नाही मालक, मुजरा करतोय.

नर्मदे_हर_कन्या
काका खूप आभार. "औषध" चालून जाईल, त्यांना डॉक्टरचं ऐकायची सवय आहे, माझं नाही.

हिमभटकी
सॅकवाला, मे महिन्यातलं हिमाचल म्हणालास म्हणून. इथे सगळे सह्याद्रीचं बोलतायत, वर एक वेगळीच भानगड असते ती म्हणजे गोठणं. पोकळ धाग्यांचा कुठलाही फिल्टर एकदा वापरून ओला झाला की आत पाणी राहतंच, कितीही झटका. ते गोठलं की धागे फुटतात. बाहेरून काही दिसत नाही, पाणी पण छान येतं, उलट जास्त जोरात येतं आणि लोक खूश होतात. रात्री झिपच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी नाही, पोटाशी घेऊन झोपायचं. मे महिन्यात पण वरच्या कॅम्पला रात्री शून्याखाली जातं. गोठला असा नुसता संशय आला तरी फेकायचा, कंपन्याही हेच सांगतात.

वर वस्ती नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. गद्दी लोकांचे मेंढ्यांचे कळप आणि खेचरं वरपर्यंत जातात, जियार्डिया तिथलाच. त्याला फिल्टर पुरतो. तुम्ही ग्रुपबरोबर जाणार असाल तर किचन टेंटला उकळलेलं पाणी मिळतं, रात्री बाटलीत गरम भरून घ्यायचं, शेक पण होतो आणि सकाळी प्यायला पण.

सॅकवाला
मग सह्याद्रीतच पाणी का उकळू नये? स्टोव्ह तर नेणारच आहोत. उकळून सगळंच मरतं ना, विषाणूसकट?

हिमभटकी
मरतं, नीट खळखळून एक मिनिट पुरतं, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. कळसूबाईच १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात एक मिनिटाच्या पुढे कुठेच जायला नको. पण हिशेब कर. लिटरभर पाणी उकळायला १० ते १५ ग्रॅम गॅस जातो. तुमचे दिवसाचे वीस लिटर, म्हणजे २३० ग्रॅमचा अख्खा डबा दिवसाला. तीन दिवसांचे तीन डबे, पत्र्याचं वजन वेगळं, पैसे वेगळे, आणि उकळलेलं पाणी निवेपर्यंत घसा कोरडा. चहाचं, भाताचं पाणी तसंही उकळतंच, ते फिल्टरच करू नका. म्हणजे पिण्याचंच फक्त दहा-बारा लिटर उरतं, तेवढं एक स्क्वीझ काढतो.

घाटवाट
हे बरोबर. स्वयंपाकाचं वगळलं की भार निम्मा.

आता निगा. बरोबर मोठी सिरिंज येते, घरी आल्यावर स्वच्छ पाणी भरून चांगल्या बाजूने जोरात उलटं मारायचं, घाण खालून निघते. ट्रेकमध्ये पण धार मंदावली की मारायचं, फक्त त्याला फिल्टर केलेलंच पाणी वापरायचं आणि ती घाण टाक्यात सोडायची नाही. टाक्यात पाय धुणारे आणि भांडी विसळणारे आहेतच, त्यात आपली भर नको. पावसाळ्यातलं लाल पाणी सरळ फिल्टरला घालू नये, पातेल्यात तासभर ठेवून, तुरटी फिरवून वरचं नितळ घ्यायचं. घरी ठेवताना महिनोन्महिने पडून राहणार असेल तर शेवटचं धुणं क्लोरीनच्या पाण्याने, मग पूर्ण वाळवून. बोअरचं जड पाणी वापरलं असेल तर आत क्षार धरतात, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून उलटं धुतलं की सुटतात. बरेच लोक या अवस्थेत "खराब झाला" म्हणून विकतात. जुन्या सामानाच्या ग्रुपवर बघत जा, पण विकणाऱ्याने तो बर्फात नेला होता का हे विचारल्याशिवाय घेऊ नकोस, आणि ताईंची फुंकर मारून बघ.

सूक्ष्मदर्शिका
आणि साबण न्या, वीस ग्रॅमचा तुकडा. ट्रेकहून आल्यावर पोट बिघडलं की सगळे पाण्याला नावं ठेवतात. पाच जणांनी एकाच चिवड्याच्या पिशवीत हात घातलेले असतात, ते कोणी धुतलेले असतात? खराब पाण्याची पिशवी हाताळलेल्या हाताने चांगल्या बाटलीचं तोंड पकडायचं नाही, एवढं केलं तरी पुष्कळ. दोन्ही पिशव्या वेगळ्या रंगाच्या ठेवा.

पोर्टलँडकर
ताई, तुमचा मुद्दा पटला. भारतात आलो की मी पण गोळी टाकेन. सॅकवाला, आणायचा असेल तर या आठवड्यात सांग, इकडे ४० डॉलर म्हणजे तुझ्या बजेटच्या वर जातंय पण तिकडे इंपोर्टवाले त्याहून जास्त लावतात असं दिसतंय.

सॅकवाला
दादा सांगतो, नक्की आणा. आमचं काल बोलणं झालं, पाच जणांत वाटून एक स्क्वीझ घेतोय, म्हणजे डोक्यामागे बजेटच्या खूप आतच. जुगाड_इंजिनियरचा यूएफ नळा मी स्वतःच्या पैशाने घेऊन घरच्या गॅलरीत टांगून बघतोय, जमलं तर कॅम्पवर रात्री लावून ठेवायला तो आणि चालताना स्क्वीझ. गोळ्या आईनेच मेडिकलमधून आणल्या, लिटरवाल्या. हा धागा तिला वाचून दाखवला, म्हशीपर्यंत आल्यावर परवानगी मिळाली.

एकच शंका राहिली. रतनगडावर टाकी भरपूर आहेत म्हणतात, जानेवारीत पाणी हाताला लागेल का?

घाटवाट
रतनगडावर जानेवारीत अडचण नाही, ज्यात उतरायला पायऱ्या आहेत आणि पाणी हलतं-नितळ दिसतं असं टाकं निवड, शेवाळाने झाकलेलं सोड. कात्राबाईच्या टप्प्यात पाणी धरून चालू नको, रतनगडावरूनच माणशी तीन लिटर भरून निघा. पुढे कुमशेत, पाचनईला गावात मागितलं की देतात, पण तिथेही उन्हाळ्यात बायका लांबून पाणी आणतात हे लक्षात ठेवून मागा आणि जेवण त्यांच्याकडे करा.

दोरी न्या, पंधरा-वीस फूट, आणि तोंड कापलेली दोन लिटरची बाटली तिला बांधायला, तळाशी एक दगड घाला म्हणजे तरंगणार नाही. आणि स्क्वीझच्या तोंडात आत एक रबरी वॉशर असतो, तो झाकणाबरोबर किंवा बाटलीच्या तोंडाला चिकटून निघून जातो आणि मग सगळं गळतं. एक जादा वॉशर पैशाच्या पाकिटात टाकून ठेव.

सॅकवाला
वॉशर वेगळा मिळतो का इकडे?

जुगाड_इंजिनियर
नळाच्या दुकानात सॉयर नेऊन दाखव भावा, बागेच्या पाइपचा वॉशर बसतोय. दोन-पाच रुपयाला. चार घेऊन ठेव.